एमआरआय हा अंतिम निकाल नव्हे

‘मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण चालेल की नाही, हे एमआरआय पाहताच कळते,’ हे गेल्या अंकातील वाचकाचे विधान धोकादायक आहे. मज्जारज्जूत रक्तस्राव दिसला तर सुधारणेची शक्यता घटते, हे मान्य. पण झुरिचच्या बालग्रिस्ट रुग्णालयातील संशोधकांनी दाखवले, की जखमेलगत शाबूत उरलेले ऊतींचे पट्टे जितके रुंद, तितकी पुढची सुधारणा सहसा अधिक. हे पट्टे सूज ओसरल्यावर, साधारण महिनाभराने नीट मोजता येतात. पहिल्या रात्री नाही. गुदद्वाराभोवती स्पर्श कळतो का, ही साधी तपासणीही तितकीच मोलाची! पहिल्याच दिवशी ‘आशा नाही’ ऐकलेले नातेवाईक व्यायाम थांबवतात, मग शय्याव्रणे होतात. डॉक्टरांनी कृपया एवढ्या घाईने निकाल सांगू नये.

– एक फिजिओथेरपिस्ट, मिरज