बंदुकीवरची दुर्बीण : कोणती घ्यावी आणि कशासाठी?

"दादा, तू एन.सी.सी.त आहेस, तूच सांग. चार-बत्तीसची घेऊ की तीन-नऊ-चाळीसची?" दिवाळीच्या सुटीत गावच्या बोडीच्या पाळीवर बसलो असताना माझ्या मावसभावाने हा प्रश्न टाकला. त्याच्याजवळ छर्ऱ्याची बंदूक आहे. तिच्यावर बसवायला त्याला स्वस्तातली दुर्बीण हवी होती. महाविद्यालयातही हाच प्रश्न विचारणारे चार-पाच मित्र मला भेटले आहेत. म्हणून हे सारे एकदा लिहूनच काढावे असे वाटले. प्राध्यापक मंडळींना हा विषय वार्षिकांकाला शोभणारा वाटणार नाही कदाचित. परंतु माझी शेवटची विनंती त्यांनाच आहे.

प्रथम त्या आकड्यांविषयी. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते तो. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४ × ३२ ही चौपट दाखविणारी, ३-९ × ४० ही तीनपासून नऊपटीपर्यंत फिरविता येणारी. 'नऊपट' ऐकले की आपण भुलतो. पण दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून पाहा. जो भागाकार येतो, तितक्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत पोहोचतो. ३२ भागिले ४ म्हणजे ८; ४० भागिले ९ म्हणजे जेमतेम साडेचार. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे तिन्हीसांजेला साधी चौपट दुर्बीण ही नऊपटीवर फिरविलेल्या दुर्बिणीपेक्षा उजळ दाखविणार! शिवाय नऊपटीत लक्ष्य जवळ येते तसा हाताचा कंपही नऊपट मोठा होऊन समोर नाचतो. त्यात फिरत्या दुर्बिणीत भिंगे अधिक, हलणारे भाग अधिक. त्याच किमतीत ते सारे बसवायचे म्हणजे कुठेतरी काटकसर झालीच. म्हणून पैसे थोडे असतील तर एकाच पटीची दुर्बीण बरी, हे माझे मत. आणि ४ × २० ची जी सर्वांत स्वस्त मिळते, ती खेळणे समजूनच घ्यावी.

मावसभावाने आधी तीच घेतली होती. दोन-तीनशे छर्रे उडविल्यावर तिच्यातली फुली तिरपी झाली. दोष सगळा दुर्बिणीचा नव्हता. बारुदाची रायफल फक्त मागे धक्का देते. स्प्रिंगच्या छर्रा-बंदुकीत आतला दट्ट्या पुढे धावताना बंदूक मागे येते आणि तो शेवटी आदळला की पुढे झेपावते. हा दुहेरी हिसका साध्या दुर्बिणीला सोसत नाही. दुसरे असे, की रायफलीच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांसाठी जुळविलेल्या असतात. दहा मीटरवरचे चित्र त्यांत धूसर दिसते आणि डोळा किंचित हलला की फुलीही लक्ष्यावरून सरकते. छर्रा-बंदुकीसाठी जवळचे अंतर जुळविता येणारी दुर्बीण लागते, आणि ती स्वस्त नसते.

एवढे ऐकून कोणीही म्हणेल, चला, चार-बत्तीसची घेऊ या. पण घ्यायची कशासाठी?

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा परवाना मिळतो, हंगाम असतो. तिथे हा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपविला. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये तो सारा टापू व्याघ्र प्रकल्पात गेला. रानडुकरे धान तुडवतात हे खरे आहे. माझ्या आजोबांनी ठासणीची बंदूक घेऊन रात्री-रात्री मळ्यावर काढल्या आहेत. पण त्यासाठीही कायद्यात वनखात्याच्या लेखी आदेशाची वाट आहे. दुर्बीण विकत घेतल्याने ती उघडत नाही. आणि मावसभावाच्या मनात रानडुक्कर नव्हतेच. त्याची नजर बोडीतल्या बदकांवर होती. छर्रा-बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून पाखरू मारायलाही लागत नाही, असा आपल्या पोरांचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. बदक, बगळा, होला यांतले काहीही मारले तरी ती शिकारच. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या याच धानाच्या बांध्यांत. आणि इथे आपण चौपट की नऊपट याचा वाद घालतो!

आजोबा बाजूलाच विडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "बाबू, डोरा साबूत असल त दुर्बीन कायले पायजे?"

म्हाताऱ्यांचे बोलणे म्हणून मी ते सोडून दिले होते. पुढे नेमबाजीचे नियम वाचले तेव्हा चकित झालो. ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धांत बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही! धावत्या लक्ष्याच्या प्रकारात ती चालत असे, पण तो प्रकार २००४ नंतर ऑलिम्पिकमधून गेला. पन्नास मीटरला तिकाटण्यावर वेगळी दुर्बीण ठेवत, ती गोळी कुठे लागली हे पाहण्यापुरती. नेम धरायचा तो मागच्या चकतीतल्या बारीक छिद्रातून आणि पुढच्या कड्यातून. भिंगाचा तुकडा नाही. छिद्र बारीक असल्याने दृश्य रेखीव होते आणि डोळा आपोआप मध्यावर येतो. दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका किती असतो? अर्धा मिलिमीटर. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक घेतले ते या ठिपक्यावर. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटरमध्ये विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. कांबळवाडी काही मुंबई-पुणे नव्हे, आपल्या गावांसारखेच गाव. तो २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथे त्याच्या हाती रायफल आली.

आमच्या हाती काय येते? एन.सी.सी.च्या शिबिरात पॉइंट टू टू रायफलीच्या मोजक्या गोळ्या. नेम बसतो न बसतो तोच पाळी संपते. पुढे आवड टिकविणाऱ्याला मग बाजारातली छर्रा-बंदूक आणि बोडीवरची पाखरे एवढेच उरते. त्यात त्याचाच काय तो दोष?

म्हणून प्राचार्य महोदयांना आणि क्रीडाविभागाला विनंती, की छिद्राच्या निशाणीची एक चांगली छर्रा-रायफल महाविद्यालयाने घ्यावी. ती महाग आहे, हे मान्य. पण दुर्बिणीसाठी पैसे साठविणारे आम्ही मित्रच त्यात वर्गणी घालायला तयार आहोत. ग्रंथालयामागची पडवी मी पावलांनी मोजली. दहा मीटर होऊन वर उभे राहायला जागा उरते. समोर विटांची भिंत आहे. तिच्यापुढे तिरपा लोखंडी पत्रा लावला की छर्रे खाली पडतील. बाजूचे एक दार तेवढे नेमबाजीच्या वेळी कुलूपबंद ठेवावे लागेल आणि कुणीतरी सर किंवा मॅडम हजर हव्यात.

मावसभाऊ यंदा बारावीला आहे. त्याने दुर्बीण अजून घेतलेली नाही. पडवीचे काय झाले, म्हणून दर आठवड्याला फोन करतो.