शर्ट उरला, धडा जातोय

‘निवासी शाळा’ म्हटलं की आपल्याला नवोदय आठवतं, प्रवेश मिळाल्याचे पेढे आठवतात. इथे कॅनडात त्याच शब्दाने आजही कितीतरी म्हातारी माणसं दचकतात. १९२० पासून सात ते पंधरा वर्षांच्या मूलनिवासी मुलांना या शाळांची कायद्यानेच सक्ती झाली. एकूण दीड लाखांवर मुलं गेली. वेण्या कापल्या, आईची भाषा तोंडातून निघाली की मार. चार हजारांहून अधिक मुलांच्या मृत्यूची तर नोंदच आहे.

मूलनिवासी फिलिस वेबस्टॅड १९७३ साली अशाच एका शाळेत गेली, तेव्हा सहा वर्षांची होती. आजीने घेऊन दिलेला नवाकोरा नारिंगी शर्ट पहिल्याच दिवशी शाळेने काढून घेतला. म्हणून ३० सप्टेंबरला आपली मुलं नारिंगी टी-शर्ट घालून जातात. का, ते विचारा त्यांना. माझ्या लेकीचं उत्तर होतं, “रंगाचा दिवस असतो.”

या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ साली सांगितलं होतं, हा इतिहास बालवाडी ते बारावी सक्तीने शिकवा. ऑन्टारियोत २०१८ च्या जुलैत नव्या सरकारने त्यासाठीच्या अभ्यासक्रम-लेखनाच्या बैठका ऐन वेळी रद्द केल्या. पुढे थोडंफार परत आलं, पण एका फटक्यात धडा जाऊ शकतो हे तेव्हा कळलं. त्यात या शाळांत गेलेल्यांच्या भरपाईच्या सुमारे ३८ हजार दाव्यांमधल्या जबान्या, ज्यांनी ‘जपा’ म्हटलं नाही त्यांच्या, २०२७ मध्ये नष्ट करायच्या असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. जबानी जपायची की नाही हा ती देणाऱ्यांचा हक्क, आपण त्यात पडू नये. पण कागद जाणार असतील, तर वर्गातलं सांगणं तरी टिकायला हवं.

“आपला काय संबंध? आपण तर काल आलो,” असं मराठी मंडळात ऐकू येतं. अहो, २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेत मूलनिवासींचे हक्क आणि करार आहेत. त्यानंतर नागरिक झालेल्यांनी हात वर करून ती शपथ घेतली आहे.

तेव्हा या सप्टेंबरात मुलांच्या बाईंना विचारा, शर्टाच्या पलीकडे काय शिकवणार आहात? उत्तर गुळमुळीत आलं तर चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना पत्र लिहा, स्कूल बोर्डाच्या सभेला जा. ब्रँटफर्डला मोहॉक इन्स्टिट्यूट या जुन्या निवासी शाळेची इमारत आहे. छप्पर गळू लागलं तेव्हा पाडायची की राखायची, हे तिथल्या सिक्स नेशन्स या मूलनिवासी समाजाच्या लोकांना विचारलं गेलं. राखा, म्हणाले ते. भारतातून आई-वडील आले की आपण त्यांना नायगाराला नेतोच. यंदा एक दिवस गाडी तिकडे वळवा, पोरांना मागच्या सीटवर बसवून.