बंपरचा रंग आणि आमची बारगिरी

आमच्या इंदुरातील जुन्या मराठी घरांत एक वाक्य हल्ली फार सहज उच्चारले जाते : ‘हे काय आपण करायचे काम आहे?’ नळाच्या वायसरपासून खुर्चीच्या सुटलेल्या पायापर्यंत सर्वत्र ते चालते. परंतु त्याचा सर्वांत पोकळ उपयोग आम्हांस मोटारीच्या काळ्या प्लास्टिकच्या बाबतीत आढळला. बंपर, दारांखालच्या पट्ट्या, आरशांची कवचे, वायपरखालची जाळी हे मूळचे काळेभोर भाग काही वर्षांत राखेसारखे करडे पडतात. तरुण मंडळी म्हणतात, बदलून टाका. वडील मंडळी म्हणतात, राहू द्या. स्प्रेचे दोन-तीन डबे आणून हे काम अंगणात करता येते, असे कोणी सुचविले की दोन्ही पिढ्यांचे चेहरे सारखेच आंबट होतात. आमची तक्रार आहे ती या आंबटपणाविरुद्ध.

मुळात बिघडते काय, हे तरी पाहावे. हे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचे असतात व त्यांत काजळी मिसळून त्यांना काळेपणा दिलेला असतो. उन्हातील अतिनील किरण पृष्ठभागावरील प्लास्टिकचे दुवे तोडतात. वरचा थर खडूसारखा भुरभुरीत होतो आणि त्यावरून प्रकाश विखुरल्यामुळे तो करडा दिसतो. (माळव्याची रात्र रसिकांनी पुष्कळ वाखाणली, दुपार कोणी वाखाणली नाही, ती बंपरांनी सोसली.) म्हणजे जीर्ण झालेली असते ती केवळ कातडी. आतील भाग धक्का सोसण्यास पूर्वीइतकाच नसला तरी पुरेसा समर्थ असतो. असे असता एका कार्यशाळेने आम्हांस जो अंदाजपत्रकाचा कागद दिला, त्यात दोन्ही बंपर व सर्व पट्ट्या ‘बदलणे’ अशी नोंद होती आणि रक्कम पाच आकडी होती. ‘रंगविणे’ हा रकानाच त्या कागदावर नव्हता. सरकारी नोकरीत एखादी वस्तू निर्लेखित करावयाची तर ती दुरुस्तीयोग्य नाही, असा दाखला जोडावा लागे. स्वतःच्या खिशातून पैसे देताना मात्र आम्ही तो दाखला मागत नाही!

आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज होळकरांच्या वा शिंद्यांच्या चाकरीत इकडे आले, हे आपण लग्नकार्यांत अभिमानाने सांगतो. त्या काळच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. स्वतःचा घोडा व स्वतःची शस्त्रे घेऊन येई तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. आपल्या दारात उभी असलेली मोटार आपल्या मालकीची आहे, पण तिच्याशी आपले वर्तन बारगिराचे झाले आहे. तिला काय झाले ते दुसऱ्याने पाहावे, दुसऱ्याने ठरवावे, आपण फक्त बसावे.

यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील एक तर अगदी खोटा आहे : स्प्रेचे काम म्हणजे यंत्रशाळेचे काम. अमेरिकेत एडवर्ड सेमोर यांनी १९४९ साली रंगाचा असा डबा सिद्ध केला. त्याचा सारा मुद्दाच हा, की हवेचा पंप व पिचकारी नसलेल्या माणसाला रंग फवारता यावा. दुसरा आक्षेप, कारागिराच्या पोटावर पाय येतो. कोणत्या कारागिराच्या? कोपऱ्यावरच्या डेंटर-पेंटरला हे काम देत असाल तर आम्ही आनंदाने गप्प बसू. पण तुम्ही त्याला विचारीतही नाही; तुम्ही नवा भाग मागविता.

तिसरा आक्षेप मात्र ऐकण्याजोगा आहे, तो असा की हा रंग टिकत नाही, पोपडे निघतात. निघतात खरे; आम्हीही अशी कितीतरी वाहने पाहिली आहेत. पण दोष डब्याचा नव्हे, उतावीळपणाचा. या प्लास्टिकला काहीही सहज चिकटत नाही. त्यातच दुकानातून आणलेली चकाकी देणारी तेलकट पॉलिशे वर्षानुवर्षे चोपडलेली असतात. ती चार पावसांत धुतली गेलीशी वाटतात, तरी त्यांचा अंश रंगाला धरू देत नाही. म्हणून कामाचा मोठा हिस्सा रंगापूर्वीचा आहे. भाग साबणाने दोनदा धुवावा, वाळवावा, मग चारशे व पुढे सहाशे नंबरच्या पाणी पेपरने भुरभुरीत थर जाईपर्यंत घासावा. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. थिनर वापरू नये, तो प्लास्टिकलाच बाधू शकतो. मग प्लास्टिकसाठीच मिळणारे अस्तर द्यावे. साधे धातूचे अस्तर येथे कुचकामी. हे अस्तर वगळणारा मनुष्य पुढे ‘रंग टिकत नाही’ असे सांगत फिरतो आणि आमची मंडळी त्याच्यावर विश्वास ठेवतात.

रंगही एका दमात नव्हे. डबा दोन मिनिटे हलवून, वीतभरापेक्षा जरा अधिक अंतरावर धरून, पातळ तीन-चार हात द्यावे आणि प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. एकदाच दाट मारला की ओघळ आलेच. चकचकीत काळा घेऊ नये. मूळ पोत मंद असतो, तोच शोभतो. टेप व जुनी वर्तमानपत्रे पत्र्यावर भरपूर दूरवर लावावीत, कारण तुषार डोळ्यांना दिसतात त्याहून लांब जातात. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढुरकी झाक येते, वैशाखात तापलेल्या भागावर तो पोहोचेपर्यंतच सुकून खरखरीत होतो. दिवाळीनंतरची सकाळची वेळ आमच्याकडे सर्वांत चांगली.

धुरासंबंधी मात्र आम्ही कोणाशी वाद घालणार नाही. बंद गॅरेजमध्ये हे काम करू नये. साधा कापडी मास्क रंगाचे कण थोडेफार अडवितो, द्रावकाची वाफ अडवीत नाही. त्यासाठी कोळशाच्या गाळणीचा मास्क लागतो. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे, त्यात कसलाही कमीपणा नाही. जवळ विडी-सिगारेट किंवा शेगडी नसावी.

काम झाल्यावर डबा उलटा धरून क्षणभर फवारावा, म्हणजे तोंड मोकळे राहते व उरलेला रंग पुढच्या ओरखड्याला उपयोगी पडतो. रिकामा डबाही भोसकू नये, उन्हात टाकू नये. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षे पहिले आलेल्या या शहरात घरगुती घातक कचऱ्याचा खण वेगळा असतो. डबा त्यातच जावा. धडधाकट बंपर टाकण्यासाठी मात्र महापालिकेने अद्याप वेगळा खण केलेला नाही.