कुलवृत्तान्ताचा अर्ज

आमच्या परिचयाच्या एका घराण्यानें कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ति काढण्याचें मनावर घेतलें व घरोघर अर्ज धाडले. अर्ज संगणकावर आंखलेला, दिसावयास सुबक. परंतु अपत्यांसाठीं त्यांत मोजून सहा ओळी. ज्या घरीं नऊ अपत्यें, तेथील वडील मंडळींनीं उरलेलीं तीन नांवें छापील प्रतीच्या समासांत शाईनें लिहिलीं, आणि मजकूर जुळविणाराच्या नजरेंतून तीं सुटलीं. त्यांत दोघी मुली होत्या. भावाच्या घरीं आयुष्य काढलेल्या विधवा आत्याबाईंना तर कोणत्याच रकान्यांत जागा नव्हती. शिवाय पुढच्या पानांवर ना कुटुंबप्रमुखाचें नांव, ना पानाचा आंकडा. गठ्ठा सुटला तेव्हां एका घरची सून दुसऱ्याच घरांत जाऊन बसली!

अशा वेळीं दोष लिहिणारांच्या माथीं मारण्याची आपली रीत आहे. पण आंखणीच अशी असल्यावर ते बिचारे काय करणार? हौशी लोक पहिलें पान नटवितात व त्याचीच नक्कल करून पुढचीं पानें बनवितात. मग एक ओळ वाढली कीं पुढचें सगळें हातानें सरकवावें लागतें; तो त्रास नको म्हणून ओळी मोजून ठेवावयाच्या. पंगतीस माणसें अधिक आलीं तर आणखी पाट मांडतात; पाट सहाच आहेत म्हणून कोणी पाहुण्यास दारांत उभें करीत नाहीं.

अ‍ॅडोबी कंपनीच्या ‘डिझायनर’ या साधनांत यावर चांगली तोड आहे. तेथें पानाचा सांचा व पानांतील मजकूर हीं दोन वेगळीं कामें मानिलीं आहेत. सांच्यास ‘मास्टर पेज’ म्हणतात. शीर्षक, कड, ‘७ पैकीं ३’ असा पानाचा आंकडा हें सारें एकदांच त्यावर ठेवावयाचें आणि मधोमध मजकुरासाठीं चौकट आंखावयाची. मजकूर तींत वाहतो. ती भरली कीं नवें पान आपोआप निघतें. पहिल्या पानास सूचनांसह एक सांचा व पुढील पानांस आटोपशीर मथळ्याचा दुसरा, एवढे पुरे. कुटुंबप्रमुखाच्या नांवाचा रकाना सांच्यावर ठेवून त्याचें बंधन ‘ग्लोबल’ केलें, तर एकदां भरलेलें नांव प्रत्येक पानाच्या माथ्यावर उमटतें.

अपत्याची एकच ओळ काढावी आणि ती लागेल तितके वेळां पुन्हां यावी असें ठरवावें; कमाल संख्या घालूं नये. जवळच ‘ओळ वाढवा’ अशी कळ द्यावी. मात्र ती ओळ ज्या विभागांत आहे तो ‘फ्लोड’, म्हणजे वाहता, असला पाहिजे. तो स्थिर राहिला तर वाढलेला मजकूर खालच्या मजकुरावर चढतो. नवशिक्यांचा घोटाळा बहुधा येथेंच होतो. रकान्यांचा मथळा नव्या पानावर पुन्हां येईल असें करावें, नाहींतर तारीख जन्माची कीं विवाहाची हें कळत नाहीं. सहीचा विभाग दोन पानांत तुटूं देऊं नये. शेवटीं ‘डायनॅमिक’ प्रकारांत जतन करावें. ‘स्टॅटिक’ प्रकारांत ओळी वाढत नाहींत.

एक अडचण मात्र सांगितलीच पाहिजे. हे वाढते अर्ज ‘एक्सएफए’ पद्धतीचे असतात. २०१७ सालच्या पीडीएफ २.० या मानकानें ती पद्धति कालबाह्य ठरविली. आणि अनेक ब्राउझरांत वा मोबाइलवर असा अर्ज उघडला कीं ‘कृपया थांबा’ या अर्थाचें इंग्रजी वाक्य तेवढें दिसतें. काकासाहेब बिचारे तासभर थांबतात. ज्या घराण्याची मंडळी मोबाइलवरच विसंबून आहेत, त्यांनीं या वाटेस जाऊं नये असें आमचें मत आहे. माहिती फोनवरून विचारून एखाद्या पुतण्यानेंच ती संगणकावर भरावी. त्यास फुकट मिळणारें लिब्रेऑफिस रायटर पुरतें. पहिल्या पानाचा व पुढील पानांचा वेगळा सांचा आणि प्रत्येक पानावर येणारा कोष्टकाचा मथळा, दोन्ही सोयी त्यांत आहेत.

वरील घराण्यानें दुसऱ्या खेपेस हेंच केलें. ‘घरांत राहणारी इतर मंडळी’ असें एक नवें कोष्टक जोडलें. आत्याबाईंचें नांव, जन्मगांव आणि त्या जेथें तीस वर्षें शिकवीत होत्या त्या शाळेचें नांव त्याच्या पहिल्याच ओळींत आलें.