पाणी भरणाऱ्यांना पोहता का येत नाही?



विहिरीवरून पाणी शेंदायचं बाईनं, नदीवर धुणं न्यायचं बाईनं, टँकर आला की हंडा घेऊन धावायचं तेही बाईनंच. पण त्याच विहिरीत उडी मारायची ती तिच्या भावानं. गावातली पोरं पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून आठ-दहा वर्षांची असतानाच पोहायला शिकतात. बहीण काठावर कपडे सांभाळत बसते. मग आयुष्यभर पाणी तिला भेटतं ते डोक्यावरचं ओझं म्हणून, नाहीतर 'तिनं विहीर जवळ केली' या शब्दांत. सासरी छळ सोसून गेलेल्या किती जणींच्या नावापुढे 'पाय घसरून विहिरीत पडली' एवढीच नोंद झाली, हे आपल्या चळवळीला नव्यानं सांगायला नको.

पोहता न येण्याची किंमत किती असते, हे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनं दाखवलं. ऑक्सफॅमनं मार्च २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात इंडोनेशिया, भारत आणि श्रीलंकेतल्या पाहणी केलेल्या ठिकाणी पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्याचं नोंदवलं आहे. बायका मुलाबाळांना सोडून पळू शकल्या नाहीत, कित्येक जणी घरात होत्या, काही किनाऱ्यावर मासळीच्या होड्यांची वाट पाहत होत्या. आणि पोहणं, झाडावर चढणं हे मुलग्यांनी शिकायचं, अशीच रीत होती. याला निसर्गाचा कोप म्हणायचं, की वाढवण्यातला भेदभाव?

कोलकात्याच्या आरती साहा २९ सप्टेंबर १९५९ रोजी इंग्लिश खाडी पोहून गेल्या. तो पराक्रम करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री. त्यांचं कौतुक आपण शाळेच्या पुस्तकी थाटात करतो आणि घरच्या मुलीला मात्र 'पाण्याजवळ जाऊ नकोस' म्हणून बजावतो.

मी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आमच्या शहरातल्या तलावावर महिलांच्या बॅचला नाव घातलं. घरातून पहिला प्रश्न आला, 'या वयात?' दुसरा, 'कपडे काय घालणार?' बॅचमध्ये पोळ्या लाटून देणारी एक जण होती, एक नर्स होती, नातवंडं असलेल्या दोघी होत्या. पहिला आठवडा काठाची दांडी धरून पाय मारण्यात आणि पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडण्यात गेला. भीतीनं आपण श्वास धरून ठेवतो. तो पाण्यात सोडायला शिकणं हीच पहिली पायरी.

तिसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना, जिना उतरताना मांड्या भरून आल्या. घरचे म्हणाले, 'दुखतंय तर सोडून दे.' लग्नघरी दोन दिवस पुऱ्या तळून पाठ धरते, तेव्हा असं कोण म्हणतं? राबून आलेलं दुखणं बाईनं अंगावर काढायचं, आणि स्वतःसाठी काही केल्यानं अंग दुखलं की लगेच घरी बसायचं, असा हा न्याय आहे.

म्हणून दुखण्यातला फरक ओळखायला शिकू या. नव्या व्यायामानं स्नायू ठणकतात ते एक-दोन दिवसांनी, आणि चार-पाच दिवसांत ते आपोआप उतरतं. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि त्या भरून येताना ते अधिक बळकट होतात. अशा वेळी अंथरूण धरण्यापेक्षा थोडं चालणं, हलकं पोहणं, गरम पाण्यानं शेकणं बरं. मान दुखत असेल तर श्वासासाठी डोकं वर उचललं जात नाही ना, ते पाहा. डोकं उचलायचं नाही, अंगासकट कुशीला वळवायचं. पोटरीत गोळा आला तर काठ धरून चवडा आपल्याकडे ओढायचा. पण खांद्याच्या सांध्यात टोचल्यासारखी कळ येणं, रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, हात सुन्न होणं हे वेगळं. तिथं थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. थोड्याशा श्रमानं धाप लागत असेल तर रक्त तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. 'मला झेपत नाही' असं म्हणण्याआधी पोटात काय जातं, तेही विचारायला हवं.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. सार्वजनिक पाणी सर्वांचं, हे महाराष्ट्राला १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यानं शिकवलं, आणि त्या लढ्यात बायकाही होत्या. आज सार्वजनिक पैशातून बांधलेल्या तलावांवर बायकांना किती तास मिळतात? बहुधा भर दुपारचा एखादा, जेव्हा नोकरी करणारी कामावर असते आणि घरकाम करणारी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. आपल्या गावच्या तलावाचं वेळापत्रक, फी, शिकवणाऱ्या आणि जीवरक्षक बायकांची संख्या ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. ती मागवा. सकाळ-संध्याकाळची वेळ, आतून कडी लागणारी कपडे बदलायची खोली, अंगभर पोहण्याच्या पोशाखाला मुभा आणि परवडणारी फी, एवढ्या मागण्या घेऊन नगरसेविकांना भेटा. जिथं तलाव नाही, तिथं पोहता येणाऱ्या जाणत्या बाईच्या देखरेखीखाली, दोर आणि ट्यूब हाताशी ठेवून मुलींना शिकवायची सोय गटानं करावी. एकटीनं पाण्यात उतरायचं नाही, हा नियम मात्र कुठंही मोडायचा नाही.

आपण बायकांना अर्ज लिहायला शिकवलं, सायकल शिकवली, कायदा शिकवला. आता शिबिरांच्या यादीत पोहणंही घालू या. तुमच्या गटानं काय केलं, कुठं अडलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.