फुल रेंज, पण नेट गायब!

रात्रीचे साडेदहा वाजलेत. परीक्षेचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख. हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर लॅपटॉपमध्ये वाय-फायचं चिन्ह फुल दिसतंय, पण पेमेंटचं पान काही उघडत नाही. गोल चक्र नुसतं फिरतंय. शेवटी कुणीतरी ओरडतं, 'अरे, हॉटस्पॉट दे ना कुणीतरी!' शेजारचा मोबाइल मदतीला येतो, पुन्हा पहिल्यापासून लॉगिन करावं लागतं, फॉर्म जातो. मग वाय-फायच्या नावानं चार शिव्या घालून सगळे झोपतात.

हॉस्टेलला राहिलेल्या कुणालाही हा प्रसंग नवा नाही. पण रेंज फुल असताना नेट का चालत नाही, या साध्या प्रश्नाच्या मागे लागलं की आपण थेट दिल्लीतल्या एका निर्णयापाशी पोहोचतो. मे २०२५ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा खालचा भाग, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, विनापरवाना वाय-फायसाठी खुला करण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. गेमिंगवाल्यांना हा विषय आधीपासून माहीत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो जगभर बाजारात आला, भारतात मात्र आला नाही. सोनीनं कारण दिलं ते असं की, वाय-फाय ७ साठी लागणारा हा पट्टा ज्या देशांत खुला नाही, तिथे हे मशीन मिळणार नाही.

आता एवढीशी हवेतली जागा, तिच्यावर एवढं भांडण कशाला? ते कळायला आधी वाय-फाय आणि मोबाइल डेटा यांचे स्वभाव कळायला हवेत.

वाय-फाय म्हणजे कट्टा

कॉलेजच्या कट्ट्यावर दहा जण बसलेत आणि एका वेळी एकानंच बोलायचं असं ठरलंय. कोण कधी बोलणार हे ठरवणारा कुणी नाही. मग काय करायचं? आधी कानोसा घ्यायचा, कुणी बोलत नसेल तर क्षणभर थांबायचं आणि मग तोंड उघडायचं. वाय-फाय नेमकं हेच करतं. प्रत्येक फोन, लॅपटॉप आणि खुद्द राऊटरसुद्धा चॅनेल मोकळं आहे का ते ऐकतो, मनातल्या मनात एक यादृच्छिक आकडा मोजतो आणि मग डेटा पाठवतो. समोरून 'पोचलं' अशी पावती आली तर ठीक. नाही आली तर दोघे एकदम बोलले असणार, असं धरून पुढच्या वेळी आणखी जास्त थांबण्याची तयारी ठेवतो. हे सगळं मायक्रोसेकंदांत चालतं, म्हणून आपल्याला कळत नाही.

दहा जणांत हे छान जमतं. दीडशे जणांच्या हॉस्टेलमध्ये बराचसा वेळ थांबण्यात आणि पुन्हा पाठवण्यात जातो. त्यात आणखी भानगडी आहेत. कॉरिडॉरच्या दोन टोकांच्या खोल्या एकमेकींना ऐकू येत नाहीत, पण मधल्या राऊटरला दोघींचं ऐकू येतं. दोघींनाही वाटतं चॅनेल मोकळं आहे, दोघी एकदम बोलतात आणि राऊटरच्या कानात गोंधळ होतो. दुसरी गंमत म्हणजे, मूळ पद्धतीत सगळ्यांना बोलायची संधी सारखी मिळते, वेळ नाही. लांबच्या खोलीतला जुना फोन हळूहळू बोलतो, म्हणून तेवढाच डेटा पाठवायला तो कितीतरी जास्त वेळ खातो. तेवढा वेळ राऊटरच्या शेजारी बसलेल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपलाही ताटकळावं लागतं.

म्हणजे स्क्रीनवरची फुल रेंज आपल्याला काय सांगते? फक्त एवढंच, की राऊटरचा आवाज तुमच्यापर्यंत खणखणीत येतोय. रांग किती मोठी आहे, हे ती सांगत नाही.

आता हॉटस्पॉटकडे या. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना आहे. त्याची रुंदी जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ. चॅनेल १३ दिसतात, पण एकमेकांवर न चढणारी तीनच: १, ६ आणि ११. वाय-फाय रडायला लागलं की प्रत्येक खोलीत एक हॉटस्पॉट सुरू होतो आणि अनेक फोनचे हॉटस्पॉट याच अरुंद पट्ट्यात येऊन बसतात. कट्ट्यावर आधीच गोंगाट, त्यात आणखी वीस जण बोलायला लागले. म्हणजे वाय-फाय खराब म्हणून हॉटस्पॉट आणि हॉटस्पॉटमुळे वाय-फाय आणखी खराब! दोष एकट्या कुणाचा नाही, आणि सोसावं मात्र सगळ्यांना लागतं.

मोबाइल म्हणजे टोकन नंबर

मोबाइल डेटाचा स्वभाव याच्या उलट. बँकेत जसा टोकन नंबर पुकारल्याशिवाय खिडकीपाशी जाता येत नाही, तसं इथे टॉवर ठरवतो की कुणी, केव्हा, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं. फोर-जीमध्ये हे वाटप दर मिलिसेकंदाला होतं. त्यामुळे गोंधळ कमी, हिशेब पक्का. टॉवरला असं हुकमीपणे वागता येतं, कारण त्या लहरींवर कंपनीचा एकटीचा हक्क असतो. तो हक्क विकत घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या फाइव्ह-जी लिलावात कंपन्यांनी त्यासाठी सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या.

पण लायसन्स घेतलं म्हणजे गर्दी संपली असं नाही. विसर्जनाच्या रात्री गिरगाव चौपाटीवर मेसेज पाठवून बघा. रेंज फुल आणि मेसेजवर ते घड्याळाचं चिन्ह. टोकन घ्यायला आधी टॉवरला हाक मारावी लागते, आणि हजारो फोननी एकदम हाक मारली की तिथेही आवाजात आवाज मिसळतात. तेव्हा 'वाय-फाय वाईट, मोबाइल चांगला' इतकं हे सोपं नाही. दोन्हीकडे हवा वाटूनच घ्यायची आहे, फक्त वाटपाच्या पद्धती दोन. शिवाय वाय-फाय ६ पासून राऊटरही टॉवरसारखं वेळेचं आणि फ्रिक्वेन्सीचं वाटप करायला शिकलाय.

पत्ता बदलला की पत्र हरवतं

सुरुवातीच्या प्रसंगात हॉटस्पॉट लावल्यावर पुन्हा लॉगिन का करावं लागलं? इंटरनेटवर प्रत्येक उपकरणाला एक पत्ता लागतो, तो म्हणजे आयपी ॲड्रेस. हा पत्ता तुमचा नसतो, तुम्ही ज्या नेटवर्कवर आहात त्याचा असतो. वाय-फाय सोडून मोबाइलवर गेलात की पत्ता बदलला. समोरचा सर्व्हर जुन्या पत्त्यावर उत्तरं पाठवत बसतो, जोडणी तुटते. बँकेचं पान तर अशा वेळी संशय घेऊन तुम्हाला बाहेरही काढू शकतं.

मग डोंबिवलीहून दादरला लोकलमध्ये लेक्चरचा व्हिडिओ कसा चालू राहतो? वाटेत टॉवर तर कितीतरी बदलतात! इथे एक जुनी आणि अगदी घरगुती युक्ती आहे. समजा तुम्ही गाव सोडून शिकायला पुण्यात आलात. सगळ्यांकडे तुमचा गावचाच पत्ता आहे. मग तुम्ही काकांना सांगता, 'माझं पत्र आलं की या पत्त्यावर पुढे पाठवा.' खोली बदलली की फक्त काकांना कळवायचं, बाकी जगाला सांगायची गरज नाही. 'मोबाइल आयपी' नावाच्या प्रोटोकॉलनं १९९६ मध्ये हेच मांडलं. मोबाइल कंपन्यांच्या नेटवर्कमध्येही याच धाटणीची सोय असते. तुमचा पत्ता कंपनीच्या आतल्या एका ठिकाणी कायम राहतो आणि तिथून डेटा तुम्ही ज्या टॉवरखाली असाल तिथे पोचवला जातो.

वाय-फायकडून मोबाइलकडे उडी मारताना मात्र दोन वेगवेगळे मालक असतात, तिथे सामाईक काका नाहीत. त्यावर अलीकडचा तोडगा म्हणजे क्विक हा प्रोटोकॉल, २०२१ मध्ये त्याचं मानक ठरलं. त्यात जोडणीची ओळख पत्त्यावर नसून एका वेगळ्या क्रमांकावर ठरते. पत्ता बदलला तरी क्रमांक तोच, त्यामुळे बोलणं पुढे चालू ठेवता येतं. यूट्यूबसारख्या सेवा क्विक वापरतातच. थोडक्यात, तंत्रज्ञानानं वाय-फाय आणि मोबाइल यांच्यात केव्हाच समेट घडवायला घेतलाय. भांडण उरलंय ते हवेतल्या जागेचं.

भांडण कुणाचं, बाजू काय?

टेलिकॉम कंपन्या म्हणतात, आम्ही लहरींसाठी लाखो कोटी मोजायचे आणि तशाच कामासाठी दुसऱ्यांना त्या फुकट? शिवाय फाइव्ह-जीची वाढ आणि उद्याचं सिक्स-जी यांना मधल्या पट्ट्यातली मोठी सलग जागा लागणार, ती आणायची कुठून? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

वाय-फायच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, लोक डेटा वापरतात तो मुख्यतः घरात, वर्गात, ऑफिसात. भिंतीआडच्या त्या गर्दीचा भार वाय-फाय उचलतं, आणि टॉवरचंच ओझं हलकं होतं. घरात रेंज नसेल तर मोबाइल कंपन्या स्वतःच वाय-फाय कॉलिंग वापरायला सांगतात, ते उगाच नाही.

जगानं दोन्ही वाटा धरल्यात. अमेरिकेनं २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ हा सगळा १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा वाय-फायला खुला केला. युरोपनं २०२१ मध्ये खालचा भाग दिला. चीननं वरचा भाग मोबाइलसाठी ठेवला. भारताचा २०२५ चा मसुदा युरोपच्या वाटेनं जाणारा होता: खालचे ५०० मेगाहर्ट्झ, तेही अटींसह. घरात कमी पॉवर, बाहेर त्याहून कितीतरी कमी. कारण याच लहरींवर जमिनीवरून उपग्रहांकडे संदेश जातात, त्यांना धक्का लागता कामा नये.

या जागेत २० मेगाहर्ट्झची एकमेकांवर न चढणारी २४ चॅनेल बसतात. २.४ मधली तीन आठवा, म्हणजे फरक कळेल. ६ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून नीट जात नाहीत. एकट्या घराला हा तोटा, पण हॉस्टेलला चक्क फायदा. तुमच्या खोलीतला आवाज शेजारच्या खोलीत कमी जाणार, म्हणजे प्रत्येक दोन-चार खोल्यांचा कट्टा वेगळा होऊ शकतो.

रस्ता रुंद, पण पुढे काय?

म्हणून खालचा भाग विनापरवाना ठेवणं मला योग्य वाटतं. जिथे माणसं दाटीनं राहतात आणि खिशात पैसे बेताचे असतात, तिथे सामाईक हवा हीच सगळ्यात स्वस्त सोय असते. पण नुसता पट्टा खुला झाला म्हणून उद्या सकाळी फॉर्म भराभर जातील, या भ्रमात राहू नका. एक तर त्यासाठी वाय-फाय ६ई किंवा ७ चालणारा फोन आणि राऊटर लागतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात तो नाही. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: वाय-फाय ही फक्त शेवटची काही पावलं आहेत. राऊटरच्या मागे जाडजूड फायबर नसेल, तर पुढचा रस्ता कितीही रुंद करा, गाड्या फाटकातच अडकणार. देशात ब्रॉडबँडचे ग्राहक ९० कोटींच्या वर आहेत, त्यात तारेनं जोडलेले जेमतेम चारेक कोटी.

सार्वजनिक वाय-फायचं याच फाटकात अडलं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून गुगल आणि रेलटेलचं स्टेशनवरचं मोफत वाय-फाय सुरू झालं, चारशेहून जास्त स्टेशनांवर गेलं. मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचं सांगत २०२० मध्ये गुगलनं अंग काढून घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पीएम-वाणी योजना आली. चहाच्या टपरीवाल्यानंही लायसन्सशिवाय हॉटस्पॉट चालवून थोडं नेट विकावं, अशी छान कल्पना. २०१८ च्या धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात गाडी काही लाखांवरच राहिली. एक मोठं कारण म्हणजे टपरीवाल्याकडून मोठ्या ऑफिसच्या दरानं जोडणीचे पैसे मागितले जायचे. जून २०२५ मध्ये ट्रायनं त्याला चाप लावला: २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारता येणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नेट गेलं की रेक्टरना 'वाय-फाय चालत नाही' एवढंच सांगू नका. एका राऊटरवर किती जण आहेत? तो अजून २.४ वरच आहे का? मागची लाइन किती एमबीपीएसची? हे तीन प्रश्न लेखी विचारा. आणि तोवर स्वतःचा हॉटस्पॉट सेटिंगमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झवर टाका. तिथे २०१८ पासून ६०५ मेगाहर्ट्झची मोकळी जागा आहे, आणि काम झालं की हॉटस्पॉट बंद करा. शेजारच्या खोलीतल्या कुणाचा तरी फॉर्म अजून जायचाय.