अकिताचा धुरावलेला मुळा आणि आपली औषधशाळा

मुळा हे द्रव्य आमच्या वाचकांस नवे नाही. कोवळा मुळा दोषहर, जून मुळा त्रिदोषकर, स्नेहात सिद्ध केलेला वातहर आणि वाळवलेला कफवातहर, हा चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायातील निर्णय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत पाठ केलेला आहे. कंद एकच, परंतु त्याचे वय आणि त्यावरील संस्कार बदलले की त्याचे कर्म बदलते. या सिद्धान्ताचे एक बोलके उदाहरण आम्हांस जपानच्या ईशान्येकडील अकिता प्रांतात पाहावयास मिळाले. तेथील 'इबुरि-गाक्को' हे धुरी दिलेल्या मुळ्याचे लोणचे आणि अलीकडच्या काळात ते करणाऱ्या हातांवर ओढवलेले संकट, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय स्वयंपाकघरातला वाटला, तरी त्याचा संबंध आपल्या खलाशी आणि काढ्याच्या पातेल्याशी आहे, असे आमचे मत आहे.

तोक्योहून निघणारी 'कोमाची' ही वेगवान गाडी मोरिओकापासून पश्चिमेस वळते आणि डोंगर ओलांडून अकिता प्रांतात शिरते. वाटेत ताझावा सरोवर लागते. ४२३ मीटर खोलीचे हे सरोवर जपानमधील सर्वांत खोल होय. पुढे काकुनोदाते हे छोटे गाव आहे. १६२० साली वसविलेल्या या गावात सामुराई घराण्यांचे काळ्या कुंपणांचे वाडे आजही उभे आहेत आणि एप्रिलअखेरीस त्यांच्यावर झुकलेल्या चेरीच्या फांद्या फुलांनी ओथंबतात. आम्ही गेलो ते फेब्रुवारीत, तेव्हा फुलांच्या जागी बर्फ होता. ओमागारी येथे गाडी बदलून आम्ही योकोते या नगरात उतरलो.

फेब्रुवारीच्या मध्यास योकोतेत 'कामाकुरा' नावाचा उत्सव असतो. बर्फाचे पुरुषभर उंचीहूनही मोठे घुमट उभारतात, आतल्या भिंतीत कोनाडा कोरून जलदेवतेची स्थापना करतात आणि मुले आत बसून येणाऱ्याजाणाऱ्यास बोलावतात. देवतेस नमस्कार करावा, आगटीवर भाजलेला तांदळाचा मोची खावा, आंबवलेल्या तांदळाचे उष्ण, गोड 'आमाझाके' प्यावे आणि पुढे जावे, अशी रीत. हेमंत-शिशिरात अग्नी बलवान असतो आणि त्यास स्निग्ध, गुरू, उष्ण आहार द्यावा, हे ऋतुचर्येचे सूत्र त्या बर्फाच्या खोलीत बसून आठवल्यावाचून राहिले नाही.

योकोतेच्या पूर्वेस डोंगराच्या कुशीत सान्नाई हा भाग आहे. इबुरि-गाक्कोचे हे माहेर म्हणावे लागेल. 'इबुरु' म्हणजे धुरी देणे आणि 'गाक्को' म्हणजे अकिताच्या बोलीत लोणचे. जपानमध्ये अन्यत्र मुळा उन्हात वाळवून मग मुरवतात. येथे मात्र कापणीनंतर लवकरच बर्फ पडू लागते. ऊन मिळत नाही आणि उघड्यावर टांगलेला मुळा गोठतो. म्हणून गृहिणींनी मुळे घरात आणले आणि जमिनीत खणलेल्या 'इरोरी' या आगटीवर तुळईला टांगले. धुराने ते वाळले आणि त्यांस नवाच गंध आला. आता यासाठी स्वतंत्र धुरीघरे असतात. दोरीने ओवलेल्या मुळ्यांच्या माळा आत टांगतात, खाली ओक व चेरीची लाकडे मंद जळत ठेवतात आणि काही दिवस अहोरात्र राखण करतात. नंतर मुळे धुऊन, भाताचा कोंडा आणि मीठ यांच्या थरांत दडपून चाळीस दिवसांहून अधिक काळ मुरवतात. बाहेरून तपकिरी, आतून पिवळसर आणि खाताना कुरकुरीत असा तो मुळा चकत्या करून चहाबरोबर देतात. शेजारणींनी चहा आणि लोणचे घेऊन गप्पा मारण्यास तेथे 'गाक्को-चाक्को' असा शब्दच आहे.

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराची आठ विशेषायतने सांगितली आहेत. त्यांपैकी 'करण' म्हणजे संस्कार. हे संस्कार कशाने घडतात, याची यादीही आचार्यांनी दिली आहे: जल, अग्निसंनिकर्ष, शौच, मंथन, देश, काल, वासन, भावना, कालप्रकर्ष, भाजन. सान्नाईच्या मुळ्यावर यातले किती संस्कार होतात ते पाहावे. धुण्याचे जल, आगटीचा अग्नी, धुराचे वासन, बर्फाळ देश, मुरण्याचा कालप्रकर्ष आणि लाकडी पिंपाचे भाजन. त्या गृहिणींनी चरक वाचलेला नाही. परंतु देश आणि काल यांनी त्यांस तोच पाठ शिकविला.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. परदेशातील पारंपरिक पदार्थ म्हटला की त्यास सरसकट आरोग्यदायी ठरविण्याची घाई आपल्याकडे होते. अकिताचा इतिहास तसे सांगत नाही. दीर्घ हिवाळ्यासाठी सर्व काही मिठात घालण्याच्या सवयीमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास ईशान्य जपानात मिठाचे सेवन फार होते. अमेरिकन संशोधक लुईस डाल यांनी १९६० साली तेथील सेवन दरडोई रोज सुमारे २७ ग्रॅम असल्याचे नोंदवून त्याची सांगड उच्च रक्तदाबाशी घातली. पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंत अकिता त्या काळी देशात आघाडीवर होता. पिप्पली, क्षार आणि लवण यांचा अतिरेक करू नये, हे विमानस्थानाच्या त्याच अध्यायात सांगितले आहे. म्हणजे करण उत्तम असले तरी राशी, अर्थात मात्रा, चुकली की द्रव्य अपाय करते. आणखी एक गंमत अशी की, हल्ली हे लोणचे मलईच्या चीजबरोबर खाण्याची आवड जपानभर रुजली आहे. मुळा खाऊन दूध घेऊ नये, असे शिकलेल्या आम्हां वैद्यांचा हात त्या बशीकडे जाताना थोडा अडखळला, हे येथे कबूल करतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये होक्काइदो बेटावरील साप्पोरो परिसरात कोबीवर्गीय भाजीच्या झटपट लोणच्यातून ओ-१५७ या जिवाणूचा प्रादुर्भाव झाला आणि ८ जणांचा मृत्यू ओढवला. पुढे २०१८ साली जपानच्या अन्नस्वच्छता कायद्यात दुरुस्ती झाली. जून २०२१ पासून विक्रीसाठी लोणची करण्यास परवाना आवश्यक ठरला आणि जुन्या उत्पादकांस दिलेली तीन वर्षांची सवलत मे २०२४ अखेर संपली. राहत्या जागेपासून वेगळी निर्मितीची जागा, सहज धुता येतील अशा भिंती व जमीन, हाताने पिळावा न लागणारा नळ, अशा अटी आल्या. गोठ्यालगतच्या पडवीत पिंप ठेवून वर्षाला थोडेसे गाक्को करणारी आणि ते रस्त्यालगतच्या शेतमाल केंद्रात विकणारी सत्तरी-ऐंशीची शेतकरी बाई या अटींसाठी पैसा कोठून आणणार? अकिता प्रांत आणि योकोते नगर यांनी साहाय्य देऊ केले, काहींनी त्यातून जागा सुधारून घेतल्या. तथापि अनेकांनी पिंप कायमचे पालथे घातले. आम्ही ज्या घरी चहा घेतला, तेथील आजीबाई त्यांपैकीच एक. बशीतले गाक्को आता घरच्यापुरतेच करते, असे त्यांनी दुभाष्यामार्फत सांगितले. नियम चुकीचा आहे का, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, 'नियम बरोबर आहे. पण तो आला तेव्हा मी म्हातारी झाले होते.'

या उत्तराने आम्हांस अंतर्मुख केले. धुरी, मीठ आणि चाळीस दिवसांचे मुरणे यांतून गेलेला मुळा आणि साप्पोरोचे झटपट लोणचे यांत महदंतर आहे. परंतु 'आमचे लोणचे वेगळे' हे म्हणणे कायद्यापुढे टिकले नाही, कारण ते सिद्ध करणाऱ्या नोंदी घरोघरी नव्हत्या. एकाच्या निष्काळजीपणाचा भार अवघ्या परंपरेवर पडला.

आपल्या व्यवसायाची स्थिती याहून फार वेगळी नाही. २००० साली अनुसूची 'टी' अन्वये आयुर्वेदीय औषधनिर्मितीस उत्तम निर्मितीपद्धतीचे नियम लागू झाले, तेव्हा लहान औषधशाळांच्या मालकांची जी ओढाताण झाली, ती ज्येष्ठ वाचकांस स्मरत असेल. २००४ साली बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचा अहवाल अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून प्रत्येक वैद्यास रुग्णाच्या त्याच प्रश्नास उत्तर द्यावे लागते. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास या नियमांतून सूट आहे, आणि ती राहावी असे आमचे ठाम मत आहे. कारण रुग्णाची प्रकृती पाहून घरी केलेला कल्क आणि कारखान्यातली डबी यांत अंतर आहे. परंतु जी सूट आपण शुचित्वाने आणि नोंदींनी राखली नाही, ती एखाद्या दुर्घटनेनंतर एका दिवसात जाईल. तेव्हा आपणही त्या आजीबाईंसारखे म्हातारे झालेले असू.

स्वच्छतेचा नियम हा परक्यांनी आपल्यावर लादलेला जाच आहे, अशी तक्रार व्यवसायबंधूंच्या बैठकांत वारंवार ऐकू येते. त्यांस आम्ही वरील यादी पुन्हा वाचण्याची विनंती करतो. अग्नी, वासन आणि कालप्रकर्ष यांच्या पंक्तीतच आचार्यांनी 'शौच' बसविले आहे. शुद्धता हाही एक संस्कार आहे; तो औषधाच्या गुणात भर घालतो. मग त्याची जबाबदारी निरीक्षकावर का टाकावी?

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, घरी औषध करणाऱ्या प्रत्येक वैद्याने द्रव्य कोठून आणले, कोणत्या तिथीस व कोणत्या भाजनात सिद्ध केले, याची वही ठेवावी आणि प्रत्येक पाकाचा थोडा नमुना जपावा. दुसरी, एकट्यास न परवडणारे चूर्णयंत्र, कोरडी खोली आणि परीक्षणाची सोय जिल्ह्यातील वैद्यांनी व लहान औषधशाळांनी सामायिक उभारावी. तिसरी, ज्यांचा हात तैलपाकात वा आसवारिष्टात मुरलेला आहे, अशा वृद्ध वैद्यांकडे तरुणांनी आताच जावे. नियमाने जागा सुधारते, उपकरणे सुधारतात. पण पाक झाला हे ओळखणारे बोट नियमाने घडत नाही.

सान्नाईत घरगुती गाक्को करणाऱ्यांची स्पर्धा भरविण्यात येऊ लागली, ती या हातांचा मान राहावा म्हणूनच. २०१९ साली इबुरि-गाक्कोस भौगोलिक निर्देशनाचे संरक्षणही मिळाले. नावाचे रक्षण झाले. हातांचे रक्षण अजून अर्धेच झाले आहे. आपल्या औषधशाळांबाबत दोन्ही गोष्टी वेळेवर व्हाव्यात, एवढीच अपेक्षा. वाचकांनी आपले अनुभव अवश्य कळवावेत. इत्यलम्.